भावासाठी बांधलेला झोका

जीप निंबाखाली येऊन थांबली तेव्हा बेबाबाईच्या मांडीवर चऱ्हाट पडलं होतं. ते बांधावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस. गावात झाडाझाडाला झोके लागले होते, माहेरी आलेल्या लेकी गात होत्या. टेकाडावरचा हा उंच निंब तेवढा रिकामा होता. दर आखाजीला बेबाबाईचा भाऊ झुलाल इथे तिच्यासाठी झोका बांधायचा. यंदा उलटं ठरलं होतं. झुलाल तापीच्या घळींत लपला होता. धोका नसेल तेव्हा बहिणीने झोका बांधायचा. तो खालून बघेल आणि वर येईल.

धरणाच्या मोजणीचे दगड उपटल्यापासून त्याला धरायला माणसं फिरत होती. पलीकडच्या गावचा भिकन पोळ्याला अशाच माणसांच्या जीपमध्ये बसला होता. त्याची बायको अजून त्याचं ताट वाढते आणि झाकून ठेवते.

धरणाला पैसा परदेशातली एक मोठी बँक देणार होती. धुळ्याच्या संघटनांनी भांडून भांडून तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की आधी गावात येऊन लोकांशी बोलायचं, मगच पैसा. आणि बोलणाऱ्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. आज ते बोलणं होतं. पाहुण्यांना आणायला संघटनेचे अभिमन नाना पहाटेच शिंदखेड्याला गेले होते.

जीपमधून सडपातळ साहेब उतरला. खादीचा सदरा, खांद्याला झोळी. निंबाच्या बुंध्याला त्याने क्षणभर हात लावला.

"दुपारना वायदा व्हता ना, साहेब?" गावचे म्हातारे उखर्डू आबा म्हणाले. "नाना कोठे शेतस?"

"नाना बाईंजवळ थांबलेत. बँकेच्या बाईंना ऊन लागलं, शिंदखेड्याला पडून आहेत. म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा, सणाच्या दिवशी लोकांना ताटकळत ठेवू नका."

बेबाबाईने पाण्याचा तांब्या आणि सांजोरी पुढे केली. साहेब खाली मातीतच बसला. जीपमधून आलेलं माणूस मातीत बसलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. बाया जवळ सरकल्या.

"धरणाचं तुम्हाला आधी कुणी विचारलं होतं?"

"कसानं इचारतस," आबा म्हणाले. "वावरमा दगड गाडात, तव्हय कयनं. आते तुम्हीनच सांगा, पानी उनं तं आम्हीन कोठे जावानं?"

"फार चुकीचं झालं हे," साहेब म्हणाला. आबांचे डोळे भरून आले. मग साहेबाने खाली नदीकडे बोट केलं. "पाणी अचानक चढलं, तर त्या घळींतून वर यायला वाटा किती?"

"एकच शे. ती आठेच येस, निंबजोगे." आबांनी निंबाजवळ वर येणारी पायवाट दाखवली.

साहेब हळहळला. जीपचा ड्रायव्हर उन्हातच ताठ उभा होता. सावलीला बोलावलं तरी येईना.

"साहेब, तुमना डायवरना बूट तं नवरदेवना मायेक चमकतस," आबा म्हणाले. बाया पदराआड हसल्या. ड्रायव्हरने आपल्या तांबड्या बुटांकडे पाहिलं आणि नजर पुन्हा घळींकडे वळवली.

सांजोरीचा शेवटचा घास संपवून साहेब म्हणाला, "झुलालभाऊंच्या तोंडून ऐकल्याशिवाय बाई निर्णय घेणार नाहीत. दगड त्यांनी उपटले. का उपटले, ते त्यांनीच सांगायला हवं. नाहीतर बाई उद्या परत जातील."

सगळ्यांनी बेबाबाईकडे पाहिलं.

"मना भाऊले काही व्हयनं तं?" बेबाबाईने विचारलं.

"मलाही बहीण आहे, ताई."

"धाकली का मोठी?"

"मोठी. तिच्या हातची सांजोरी अशीच असते."

बेबाबाई उठली. तिने चऱ्हाट फांदीवरून टाकलं, गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मग गळा मोकळा करून गायला लागली. खाली गावातल्या लेकींनी ओळ उचलली.

"निंबले झोका मी बांधा रे भाऊ,
वाट मोकयी शे, ये रे भाऊ..."

रिकामा झोका वाऱ्यावर हलत राहिला. बऱ्याच वेळाने घळीच्या तोंडाशी दाढी वाढलेला झुलाल दिसला. वर येऊन त्याने आधी गाठच पाहिली.

"म्हैस बांधतस तशी गाठ मारी तू, बेबा."

"म्हैसकरताच मारी."

तो हसला. किती दिवसांनी तिने ते हसणं ऐकलं. साहेबाने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "चला. बाई वाट बघताहेत. सांजच्या जेवणाला आणून सोडतो."

बेबाबाईने फडक्यात सांजोऱ्या बांधून दिल्या. साहेबाने झुलालला मागे, आपल्याजवळ बसवलं. जीप शिंदखेड्याच्या फाट्याकडे न वळता नदीकाठच्या वाटेने गेली.

"तथाईन शिंदखेडं जोगे पडत व्हई," आबा म्हणाले.

धूळ खाली बसली. बेबाबाई झोक्यावर बसली, यंदा पहिल्यांदाच. पायाने जमीन रेटली आणि उंच गेली. तिथून तापी दिसत होती, ऊन पीत निजलेली. तिने भावाचं नाव गाण्यात गुंफलं, आणि साहेबाच्या त्या न पाहिलेल्या बहिणीलाही.

दुपार झाली तेव्हा फाट्याच्या रस्त्याने दुसरी जीप आली. अभिमन नाना उतरले. त्यांच्यामागून उन्हाने लालबुंद झालेली एक गोरी बाई उतरली आणि अवघडून हात जोडून उभी राहिली.

"आबा, बराबर टाइमवर उनूत ना?" नाना घाम पुसत म्हणाले. "ह्या बँकना बाई. झोका फाटावरतूनच दिसी गया. बलाव आते झुलालले."