दुधाचा मान

सकाळी नऊ वाजता दिंडिगुलच्या एका थिएटरसमोर कदिरेसन दुधाची घागर घेऊन परांचीवर चढला. पुढ्यात नट कोवेंदनचा चाळीस फुटी कटआउट होता. पहिल्या खेळाआधी त्याच्या डोक्यावर दूध ओतायचं आणि पहिली घोषणा द्यायची, हा मान चाहता संघाच्या चिटणिसाचा. चिटणीस कदिरेसन होता.

गेला आठवडाभर संघावर सुतक होतं. नव्या सिनेमात कोवेंदन एका पुरुषावर प्रेम करतो, अशी बातमी फुटली होती. कटआउट जाळावा, असंही काहींचं मत पडलं. मग खुद्द कोवेंदनने फोनवर निरोप धाडला. हा निव्वळ अभिनय आहे, आपल्याला बायको आणि दोन मुलं आहेत, शिवाय तसल्या प्रत्येक दृश्यानंतर आपण अंघोळ करत होतो. संघाचा जीव भांड्यात पडला. अध्यक्ष शण्मुगवेलने घोषणा ठरवली: अण्णांचा तो अभिनय, अण्णा नाहीत तसले.

कदिरेसनने माईक तोंडाशी धरला. मग दुधाची घागर परांचीवर टेकवली.

"तंबी, अरे पोरा, उन्हात दूध नासेल. घोषणा देऊन टाक की," शण्मुगवेल खालून म्हणाला.

शण्मुगवेल त्याचा घरमालकही होता. मागच्या खोलीत कदिरेसन आणि अमुदन अकरा वर्षं राहत होते. गल्ली त्यांना मामेभाऊ म्हणायची. कुणाचा बाप कुणाचा मामा, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यात सगळ्यांचीच सोय होती.

"अण्णांनी तीन महिने अभिनय केला," कदिरेसन माईकवर म्हणाला. "मी अकरा वर्षं केला. अमुदन माझा मामेभाऊ नाही."

कुणीतरी माईकची वायर उपटली. कदिरेसनला खाली उतरवलं. त्याचा हात लागलेलं दूध गटारात गेलं, नव्या पिशव्या आल्या. गुडघे दुखत असूनही शण्मुगवेल स्वतः वर चढला. आत जाण्यापूर्वी त्याने संघातल्या दोन पोरांना कदिरेसनच्या खोलीवर पिटाळलं. त्यांनी स्टो, वळकटी आणि अर्धवट शिजलेला भात रस्त्यावर ठेवला आणि खोलीला कुलूप घातलं. काय झालं ते सांगा तरी, असं अमुदन त्यांना विचारत राहिला.

खेळ सुरू झाला. सुरुवातीला शिट्ट्या होत्या, मग शांतता. मध्यंतरात बरेच जण डोळे पुसत चहा प्यायले. अण्णांनी काळीज पिळवटलं, यावर एकमत झालं.

मध्यंतरानंतर पडद्यावरच्या घरमालकाने कोवेंदनला आणि त्याच्या जोडीदाराला भर दुपारी बाहेर काढलं. थिएटर खवळलं. शण्मुगवेल रडत रडत खुर्चीवर उभा राहिला.

"अरे निर्दया, दार उघड. माणसं आहेत ती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या वेळी कदिरेसन आणि अमुदन बसस्थानकावर होते. कुठल्या गावची गाडी धरायची, ते अजून ठरलेलं नव्हतं.