परीक्षेआधी

"आज मॅडमऐवजी तुम्ही, काका?" चीनमधल्या चेंगडूहून स्क्रीनवर आलेल्या वेनतिंगनं विचारलं. शनिवारी तिची इंग्रजीची परीक्षा होती.

"तिला बरं नाहीये," विसूभाऊ मोडक्या इंग्रजीत म्हणाले. ऑनलाइन क्लासमध्ये शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोला जाऊन सोळा दिवस झाले होते, पण परीक्षेआधी पोरीला सांगायला जीभ रेटेना.

वेनतिंगनं उतारा वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला सवयीप्रमाणे फोनमधला शब्दकोश उघडला.

"फोन ठेव!" स्वयंपाकघरात बसून तीन वर्षं ऐकलेलं बायकोचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"मग या शब्दाचा अर्थ सांगा."

"मला काय ठाऊक? मी एसटीचा ड्रायव्हर. तू पुढे वाच."

वेनतिंग हसली आणि अडलेला शब्द सोडून वाचत गेली. तळाशी पोचल्यावर ओरडली, "अर्थ लागला, काका!"

मग हळूच म्हणाली, "मॅडम गेल्याचं क्लासनं मला परवाच कळवलं. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."



"उद्या लवकर ये," विसूभाऊ म्हणाले. "आधी उतारा वाचू, मग तिच्याबद्दल बोलू."