बाटलीचं बूच

सासऱ्यांचे वडील लढाईत 'पाणी पाणी' करत गेले. घरी आली ती त्यांची लष्करी बाटली, तीही बुचाविना. त्याच बनावटीचं बूच शोधत सासऱ्यांनी आयुष्यभर भंगारबाजार पालथे घातले, आणि आज ते मिळालं.

"बाबा, सून शोधायलाही इतकी वणवण केली नव्हती तुम्ही!" बाळाला कडेवर घेऊन ती हसली.

सासऱ्यांनी बाटली काठोकाठ भरली, बूच घट्ट बसवलं आणि ती खुंटीला अडकवली.

लगेच घोट घेतल्याचा आवाज आला, एकामागून एक. बाटली हलली नाही, थेंब सांडला नाही. उतरवली तर रिकामी.

"अजून भर गं," हात जोडून सासरे पुटपुटले. "वडिलांची तहान जुनी आहे."

तिनं भरली. या वेळी घोट थांबल्यावर एक तृप्त सुस्कारा ऐकू आला. बाळानं खुंटीशेजारच्या रिकाम्या जागेकडे हसत हात पसरले, आणि तिच्या कडेवरचा भार अलगद हलका झाला.