दहातल्या तिघी

पापडाच्या डब्यातून हौसाबाईंनी तिसरी चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात वाचली, "गजराबाई!"

विमानाने दिल्लीच्या प्रदर्शनाला जायला पापड लाटणाऱ्या गटातल्या दहाजणींपैकी तिघी ठरल्या. यमुनाबाई, सखूबाई आणि गजराबाई, नेमक्या सत्तरी ओलांडलेल्या. "तुम्हीच जा" असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, तेव्हा "आम्हाला कुणाचे उपकार नकोत, चिठ्ठ्या टाका" म्हणून याच अडून बसल्या होत्या. आता लाटणी टाकून त्या सुनांना सांगायला घरी पळाल्या.

डबा धरायला बोलावलेल्या गणिताच्या बोरवणकर बाई मात्र तिथेच घुटमळल्या. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही, म्हणजे दहातून तिघी निवडायच्या रीती एकशेवीस. त्यातली नेमकी हीच निघावी? बाईंना राहवेना. त्यांनी डब्यातल्या उरलेल्या सात चिठ्ठ्या उलगडल्या. सगळ्यांवर याच तिघींची नावं!

"आम्ही सातजणींनी स्वतःचं नाव घातलंच नाही," हौसाबाई हळूच म्हणाल्या. "त्यांचीच लिहिली."

बाईंनी मनात हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. "अहो, तरी दहा वेळा सोडत काढली तर सात वेळा एखादं नाव दुसऱ्यांदा निघणार! तसं झालं असतं तर?"

हौसाबाईंनी पिठाने माखलेली मूठ उघडली. आतल्या तीन चिठ्ठ्यांपैकी दोन यमुनाबाईंच्याच नावाच्या होत्या.

"झालंच की तसं, बाई. पण वाचत मी होते ना!"