जांभळ्या कफांची तुकडी

काउंटच्या शिपायांच्या राहुटीला पाठ लावून किलियान जमिनीवर बसला होता. हातात चिंधी होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, डगल्याची बटणं घासतोय. राहुटीच्या कापडाला मागे वीतभर चीर होती आणि तिच्यातून बाहेर आलेले दोन हात त्याची वेणी घालत होते.

हात गालुसचे. गालुस काउंटचा शिपाई, म्हणजे डगल्याच्या बाह्यांवर पिवळे कफ. किलियानचे कफ जांभळे. त्या कंपनीत चाळीस जण शहराने दिलेले, लाल कफांचे, सव्वीस काउंटचे, तीन बिशपचे, हिरव्या कफांचे, आणि एक, एकच, हिमेल्साउच्या मठातल्या धर्मभगिनींचा. बादशहाच्या फौजेला ज्याने त्याने आपापल्या मुलखाच्या मानाने माणसं द्यायची होती. मठाच्या वाट्याला कागदोपत्री सव्वा माणूस आला होता. वरचा पाव माणूस मठाच्या आईसाहेबांनी रदबदली करून माफ करून घेतला.

नियम असा, की प्रत्येक तुकडीने आपल्या राहुटीत झोपावं, आपल्या हंड्यात शिजवावं, आणि फौजेत सगळ्यांनाच लागणाऱ्या वेण्या आपसांत घालाव्यात. राहुटी आणि हंडा आठ माणसांच्या मापाचे. त्याहून लहान माप फौजेला ठाऊकच नव्हतं. म्हणून किलियान आठ जणांच्या राहुटीत एकटा पसरे, आणि आठ जणांच्या हंड्यात शिजलेले मूठभर जव शोधायला त्याला कमरेपर्यंत आत वाकावं लागे. पहिला महिनाभर तो फितीचं एक टोक राहुटीच्या खांबाला बांधून स्वतःभोवती गिरक्या घेत वेणी आवळायचा आणि झिंगल्यासारखा कवायतीला पोचायचा. एकदा खांबच उपटून वेणीला लटकत आला, आणि कप्तानाने त्याला निशाणवाला समजून रांगेच्या पुढे उभं केलं. हे बघणारे साठ-सत्तर जण होते, मग खोटं कसं म्हणायचं?

“मान सरळ ठेव, गाढवा,” आतून गालुस म्हणाला. “आज तपासणी आहे. एवढंही शिकवलं नाही तुझ्या बायांनी?”

“त्यांना केस कुठायत,” किलियान म्हणाला.

गालुसच्या राहुटीतला आठवा माणूस ऑगस्टात तापाने गेला होता. त्याच्या जागी काउंटचा नवा शिपाई रविवारी यायचा होता. पण मठाने लेखी परवानगी दिली, तर किलियानने कफ बदलावेत आणि त्या जागी यावं, नव्याला दुसरीकडे कोंबू, असं काउंटच्या हवालदाराने कबूल केलं होतं. किलियानने फौजेच्या पाद्र्याकडून अर्ज लिहून घेतला, त्याला सोळा दिवस झाले. गालुस त्याला भीती घालत होता: शेजारी आपण घोरतो, समोरचा झोपेत सॉसेज मागतो. किलियानने विचारलं, डोकं कुठल्या बाजूला करायचं.

मग म्हणाला, “जेवताना काय बोलता रे तुम्ही?”

“बोलतोय कसलं. शिव्या देतो एकमेकांना.”

“कुठल्या?”

गालुसने शेवटची गाठ मारली, वेणी पांढरी दिसावी म्हणून मूठभर पीठ तिच्यावर उधळलं, तेवढ्यात पाद्री एक पुडकं घेऊन आला. किलियानला वाचता येत नव्हतं, म्हणून पाद्र्यानेच तिथे उभ्याउभ्या वाचलं. आईसाहेबांनी लिहिलं होतं, की लेकरा, तुला आपलं म्हणावं असं कोणी नाही, हे वाचून आमच्या घशाखाली घास उतरला नाही. आम्ही सगळ्याजणी बसून विचार केला. जिला वरचा माणूस नाही ती तुकडी पोरकीच असणार. चूक आमची आहे. तरी आजपासून तुला हिमेल्साउच्या तुकडीचा नाईक नेमलं आहे.

पुडक्यात नाईकाची रुपेरी फीत होती, जांभळ्या कफांवर आधीच शिवलेली. एकेचाळीस जणींनी एकेक टाका घातला होता. त्यातल्या आंधळ्या भगिनीचा टाका तिरका गेला होता आणि तो कोणी उसवला नव्हता.

“आणि पिवळ्या कफांचं?” किलियानने विचारलं.

पाद्र्याने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

कापडातले हात आत गेले. थोड्या वेळाने गालुस राहुटीला वळसा घालून बाहेर आला, पाद्र्याच्या शेजारी ताठ उभा राहिला आणि पिठाने माखलेला हात त्याने टोपीला लावला. शिपायाने नाईकापुढे असंच उभं राहायचं असतं. नाईकाने शिपायांच्या राहुटीत तपासणीपुरतंच शिरायचं असतं, आणि त्यांच्या हंड्यात चमचा घालायचा नसतो, हेही दोघांना पाठ होतं.

“गालुस, हात खाली घे.”

“हुकूम आहे का, नाईकसाहेब?”

किलियानने चिंधी खिशात घातली. हो म्हटलं असतं तर तो हुकूम झाला असता. पाद्र्याने दोघांकडे पाहिलं आणि घसा खाकरून तो निघून गेला.

नगारा वाजला. डॅन्यूबकाठच्या चिखलात कंपनी उभी राहिली: लाल, मग पिवळे, मग किलियान, मग हिरवे. नाईकाने तुकडीच्या एक पाऊल पुढे यायचं आणि वळून आपली माणसं नजरेखालून घालायची. किलियान एक पाऊल पुढे आला आणि वळला. गालुस आणि बिशपचा पहिला शिपाई यांच्यामध्ये एका माणसाएवढी जागा होती, आणि तिच्यातून पलीकडची नदी दिसत होती.

तपासणी अधिकारी अजून चार पावलांवर होता. कप्तानाला रांगेतली मोकळी जागा खपत नसे. त्याने हुकूम दिला. गालुस अर्धं पाऊल डावीकडे सरकला, बिशपचा माणूस अर्धं पाऊल उजवीकडे, आणि पिवळा खांदा हिरव्या खांद्याला टेकला.

“हिमेल्साउची तुकडी?” कप्तानाने विचारलं.

“पूर्ण आहे, साहेब,” किलियान म्हणाला.