निळं दार

"हात लावू नका दाराला!" पार्वती आतूनच ओरडली.

बाहेरचा हात चटकन मागे गेला. पुन्हा पाहुणे. रविवार उजाडला की वेसाव्याच्या कोळीवाड्यात तिच्या मागे हीच कटकट. पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा सिनेमा कंपनीने तिचं दार निळं रंगवलं, हिरॉइनला त्याला टेकून रडायला लावलं आणि दोन दिवसांत गाशा गुंडाळला. पुढे सिनेमा गाजला आणि ते दार प्रेक्षणीय स्थळ होऊन बसलं. लोक सकाळी जोगेश्वरीची लेणी बघत आणि दुपारी पार्वतीचं दार. लेण्यांत निदान कुणाचा स्वयंपाक तरी चालू नसतो.

येणाऱ्यांच्या तऱ्हा तिला पाठ झाल्या होत्या. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने नाकाला रुमाल लावायचा आणि रुमालाआडून "किती छान!" म्हणायचं. पाणी मागायचं. एकाने तर चावीने दारावर बाण काढून आपलं आणि कुण्या मुलीचं नाव कोरलं होतं. त्या दिवशी पार्वतीने हातातला कोयता खाली ठेवला नव्हता म्हणून तो पळाला.

ती बाहेर आली. दारात एक तरुण गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. शेजारी हिरवा चुडा भरलेली नवी नवरी.

"मी चंद्रप्रकाश, घाटकोपरहून आलोय. ही नलिनी, आमची मिसेस. फक्त एक फोटो, मावशी."

मावशी! पार्वतीला अजून तिशीही लागली नव्हती.

"काढा आणि चालू पडा," ती म्हणाली.

नलिनी दाराला टेकली आणि हिरॉइनसारखं तोंड पाडायचा प्रयत्न करू लागली. तिला हसूच आवरेना. पायरीवर पार्वतीची मुलगी प्रेमा मांजरीला पिवळं टोपडं घालत बसली होती. टोपडं तिचंच, तान्हेपणीचं. आजीने अंदाजाने शिवलेलं, त्यामुळे तेव्हाही मोठं झालेलं. मांजर ते काढून टाकत होती आणि प्रेमा पुन्हा घालत होती.

कॅमेरा खटकन वाजला. पार्वतीच्या डोक्यात तिडीक गेली. कुठल्या कुठल्या लोकांच्या अल्बमात तिचं दार होतं, आणि तिच्या घरात नवऱ्याचा, लहूचा, एक फोटो नव्हता. लग्नातला एकच होता, तो भिंतीच्या ओलीने पांढराफटक पडला. शूटिंग झालं त्याच वर्षी लहूची होडी समुद्रात गेली ती परत आली नाही. तेव्हा प्रेमा नुकती उभी राहायला लागली होती. आता ती पहिलीत होती आणि रोज विचारायची, बाबा कसा दिसायचा? उंच होता, हसरा होता, एवढंच पार्वती सांगायची. हल्ली तिलाच नाक आठवलं तर डोळे आठवत नसत. याची तिला भीती वाटायची आणि हे ती कुणाला सांगत नव्हती.

शूटिंगच्या वेळी ती मासळी घेऊन बाजारात गेली होती. घरी पोरीला लहू सांभाळत होता. संध्याकाळी तो हसत म्हणाला, "मध्ये मध्ये येतो म्हणून हाकलला मला, माझ्याच दारातून!" तो हसला होता, पार्वतीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सिनेमा आला तेव्हा लहू नव्हता. ती बघायला गेली नाही. अख्खा वाडा बघून आला, पण तिच्यासमोर त्या सिनेमाचं नावही कुणी काढलं नाही. माणसांना तेवढी तरी समज आहे, असं तिला वाटायचं.

एवढ्यात शेजारची मंजुळा धावत आली. पाहुणे दिसले की ती अशीच धावत यायची आणि त्यांना पार्वतीपेक्षा मोठ्याने हाकलायची.

"झाला ना फोटो? मग निघा आता!"

"निघतोच," चंद्रप्रकाश म्हणाला. "आत्ताच मॅटिनीला बघून आलो ना, म्हणून म्हटलं जागा बघू. अंधेरीला परत लागलाय. आणि मावशी, ती इथे रडते तेव्हा मागे जो माणूस..."

"पुरे झाली बडबड!" मंजुळाने त्याचा दंडच धरला. "चल, नीघ!"

"थांब गो," पार्वती म्हणाली. "कोण माणूस?"

"अहो, धमाल आहे! हिरॉइन धाय मोकलून रडतेय आणि मागे एक कोळी पोरीला उचलून कॅमेऱ्याला टाटा करायला लावतोय. हा असा हसतोय! अख्खं थिएटर हसतं. कापायचं राहूनच गेलंय त्यांचं."

नलिनी हसत पायरीकडे वळली आणि थबकली.

"अहो, त्या पोरीच्या डोक्यावर असंच टोपडं होतं. पिवळं, डोळ्यांवर येणारं."

पार्वतीने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळाने मान खाली घातली.

"तुला ठावं होतं?"

"सगळ्यांनाच हाय," मंजुळा पुटपुटली. "तू किती रडली होतीस, पार्वती. तुला परत रडवायला कुणाचा जीव धजला नाय."

पार्वती आत गेली. आता ही कोयता घेऊन येते, या भीतीने चंद्रप्रकाश दोन पावलं मागे सरला. ती आली ती कुलूप घेऊन. तिने मांजरीच्या डोक्यावरचं टोपडं काढून कमरेला खोचलं, प्रेमाला उठवलं आणि निळं दार लावून घेतलं.

"सहाचा शो मिळेल ना?" तिने विचारलं. "चला. मलापन माझं घर बघायचं हाय."