सिंधूची चौकडी

"ही काळी रेघ बघा." पंचशीलाबाईंनी खुरप्याचं टोक मातीवर टेकवलं. "खरी जमीन इथपर्यंतच. वरची वीतभर माती मागाहून थापलीय."

शेषेराव मिस्त्री वाकून बघू लागले. रुळाच्या कडेनं निजामाच्या काळात इंग्रज साहेबांनी खणवलेले खड्डे ओळीनं पसरले होते. रुळाखालच्या भरावाला माती इथूनच उचललेली. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक उंचवटा राखलेला होता. खोदाई किती झाली ते त्याच्या माथ्यापासून मोजायचं. बाईंनी असा एक उंचवटा उभा कापला होता. आत जुन्या गवताच्या मुळांची रेघ स्पष्ट दिसत होती.

"मजुरांनी साहेबाला फसवलं," बाई हसल्या. "माथा वाढवला की खड्डा बसल्या जागी खोल, आणि मजुरी जास्त."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पंचशीलाबाई तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि रेल्वेच्या मातकामावर पुस्तक लिहीत होत्या. यंदाही पाऊस नव्हता. खड्डे कोरडे होते, म्हणून त्या सुट्टी काढून नांदेडकडं आल्या होत्या.

"साहेब आंधळे असतील," शेषेराव म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात त्या माळावर तलावाचं काम झालं. माप मी घ्यायचो. माझ्या टेपाला एकानंबी फसवलं न्हाई. तुमच्या पुस्तकात तेवढं लिहा, मॅडम."

"लिहीन की. पण आधी कापून बघू."

पाटी उचलायला आलेली केवळाबाई बहात्तरच्या कामावरही होती. ती मध्येच बोलली, "ऱ्हाऊ द्या ना, दाजी. ऊन लई झालंय."

शेषेराव केव्हाच माळाकडं निघाले होते. त्यांची बायको सिंधू जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून ते कुणाशी धड चार शब्द बोलले नव्हते. आज मात्र त्यांचा आवाज चढला होता. एका चौकडीच्या, म्हणजे मापाच्या चौकोनी खड्ड्याच्या, काठावर ते थांबले.

"ही सिंधूची. तवा लगीन व्हायचं होतं आमचं. तिच्याएवढं सरळ माणूस साऱ्या कामावर नव्हतं. हीच कापा."

"दुसरी कापा की," केवळाबाई म्हणाली. "गेलेल्या माणसाची कशाला?"

"गेली म्हणूनच. तिचं नाव पुस्तकात येऊ द्या."

बाईंनी तिच्या मधल्या उंचवट्याची एक बाजू सरळ कापली. वरची माती तळव्यानं दाबून बसवलेली होती. तिच्यावर गवताची ढेपळं इतकी बेमालूम लावली होती की सांधा कुठं दिसत नव्हता. खाली काळी रेघ होती. बाईंनी पट्टी धरली आणि तशीच खाली ठेवली.

"किती हाय?" शेषेरावांनी विचारलं.

"रेल्वेपेक्षा दोन बोटं जास्तच."

शेषेराव गुडघ्यावर बसले. त्यांनी त्या मातीवर हात ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले.

"मी हे लिहिणार नाही, मिस्त्री," बाई हळूच म्हणाल्या.

शेषेरावांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसत होते. पोट धरून हसत होते.

"लिहा, मॅडम! नावानिशी लिहा! धा वर्षं माझी फुशारकी ऐकली तिनं. मी भाकरी खात बढाया मारायचो, आन ही आपली गुमान कालवण वाढायची. एकदाबी हसली न्हाई, चोट्टी!"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग पुन्हा त्या वीतभर मातीकडं बघितलं. मिस्त्रीचा पीळ अजून पुरता गेला नव्हता.

"पर केवळाबाई, एवढं मला दिसलं कसं न्हाई? दुसऱ्या चौकडीवर घटकाभर, आन हितं तर रोज तास तास उभा ऱ्हायचो मी."

केवळाबाईनं तोंडाला पदर लावला.

"तुम्ही तवा उंचवट्याकडं बघत व्हता का, दाजी?"